चुनखडीवरचं रान

चुनखडी म्हटलं की सिव्हिलवाल्यांना सिमेंट आठवतं, केमिकलवाल्यांना सोडा ॲश आणि मेटलर्जीवाल्यांना ब्लास्ट फर्नेसमधला फ्लक्स. फर्स्ट इयरला केमिस्ट्रीच्या पेपरात आपण सगळ्यांनीच ते समीकरण लिहिलंय: १०० ग्रॅम कॅल्शियम कार्बोनेट तापवा, ५६ ग्रॅम चुना मिळतो आणि ४४ ग्रॅम कार्बन डायऑक्साइड उडून जातो. दोन मार्क खिशात! पण हा दगड भट्टीत जाण्याआधी कुठेतरी डोंगरात असतो आणि त्या डोंगरावर बहुतेक वेळा जंगल असतं, हे कुठल्याच सिलॅबसमध्ये नाही.

मी सिव्हिलचा विद्यार्थी. बॉटनीशी माझा संबंध बारावीच्या प्रॅक्टिकलमधल्या कांद्याच्या पापुद्र्यापुरता. पण गेल्या उन्हाळ्यात देहराडून-मसुरी भागात दोन आठवडे राहण्याचा योग आला. तिथल्या चुनखडीच्या डोंगरांवरचं रान आणि त्या रानात एके काळी झालेल्या खाणी पाहिल्या. परत आल्यावर लायब्ररीत बसून बरंच वाचून काढलं. एन्व्हायर्नमेंटलच्या व्हायवात याचा उपयोग होईल की नाही ते माहीत नाही, पण इंजिनिअरने हे माहीत करून घ्यावं असं वाटलं म्हणून हा लेख.

आधी दगड

चुनखडी हा तसा मऊ मनाचा खडक आहे. बेसाल्ट किंवा ग्रॅनाइट पावसाला दाद देत नाहीत, निदान आपल्या आयुष्यात तरी नाही. चुनखडी मात्र पाण्यात विरघळते. पावसाचं पाणी हवेतला थोडा कार्बन डायऑक्साइड घेऊन खाली येतं, मातीतून जाताना मुळांनी आणि जिवाणूंनी सोडलेला आणखी बराचसा घेतं आणि सौम्य कार्बोनिक ॲसिड बनतं. हे ॲसिड दगडातल्या कॅल्शियम कार्बोनेटचं बायकार्बोनेट करतं आणि ते पाण्याबरोबर निघून जातं. शतकानुशतकं हे चाललं की भेगांच्या फटी होतात, फटींच्या घळी होतात आणि आत गुहासुद्धा होतात.

याचे दोन परिणाम झाडांना भोगावे लागतात. पहिला म्हणजे पाणी वर थांबत नाही. धो धो पाऊस पडला तरी तो भेगांतून आत उतरतो. त्यामुळे डोंगराचा माथा आणि उतार कोरडा, आणि पायथ्याशी मात्र बारमाही झरे. मसुरीत वर्षाला दोन हजार मिलिमीटरच्या वर पाऊस पडतो, तरी तिथल्या दक्षिणेकडच्या उतारांवर उन्हाळ्यात गेलात तर काटेरी झुडपं आणि निवडुंगासारखा शेर दिसतो. म्हणजे पाऊस कोकणातला आणि रान कुठल्यातरी दुष्काळी तालुक्यातलं.

दुसरा परिणाम आपल्याला आकडेमोडीने समजेल. बेसाल्ट झिजला की त्याची माती होते. चुनखडी झिजली की ती वाहून जाते! मागे राहते ती फक्त न विरघळणारी माती आणि वाळू, म्हणजे दगडातली ‘अशुद्धता’. समजा एका दगडात ९५ टक्के कार्बोनेट आहे आणि ५ टक्के इतर. एक चौरस मीटर जागेवर एक मीटर जाडीचा थर पूर्ण विरघळला. दगडाची घनता घनमीटरला २७०० किलो धरली तर उरले १३५ किलो. मातीची घनता १३०० धरा. थर झाला जेमतेम १० सेंटिमीटर. आता दगड ९८ टक्के शुद्ध असेल तर? उरले ५४ किलो, म्हणजे ४ सेंटिमीटर. एक मीटर जाड खडक संपायला हजारो वर्षं लागतात आणि त्याबदल्यात मिळते ती पट्टीच्या चार घरांएवढी माती. वाऱ्याने आलेली धूळ आणि कुजलेली पानं यांनी थोडी भर पडते, पण पावसाने वाहून जाणारी वजाबाकीही चालूच असते.

म्हणजे गंमत अशी की दगड जितका शुद्ध, तितकी त्याला बाजारात किंमत जास्त आणि तितकीच त्याच्यावरची माती दुर्मिळ. खाणवाल्याला जो डोंगर सर्वांत आवडतो, त्याच्यावरचं जंगल पुन्हा उभं करणं सर्वांत कठीण. हे वाक्य लक्षात ठेवा, पुढे लागणार आहे.

लोखंडाचा दुष्काळ

माती थोडी असली तरी तिच्यात कॅल्शियम भरपूर. मग झाडांची चैन असायला हवी. पण तसं होत नाही. कारण जिथे मातीत मोकळा चुना असतो तिथे मातीचा सामू, म्हणजे पीएच, साधारण साडेसात ते साडेआठच्या दरम्यान जाऊन बसतो. चुना हा बफर आहे, तो सामू हलू देत नाही. आणि या सामूला मातीतलं लोह विरघळत नाही.

मातीत लोह खूप असतं, टक्क्यांत मोजण्याइतकं. पण असणं वेगळं आणि मिळणं वेगळं. मेसच्या डाळीत डाळ असते तसं! सामू एकने वाढला की पाण्यातल्या त्रिसंयोजी लोहाच्या आयनांचं प्रमाण हजारपटीने कमी होतं. हायड्रॉक्साइडच्या समीकरणात हायड्रोजन आयनाचा घात तीन असतो, म्हणून दहाचा घन. लोहाबरोबरच जस्त आणि मँगनीज मिळेनासं होतं, आणि स्फुरद कॅल्शियमबरोबर फॉस्फेट होऊन अडकून बसतं.

लोह नसलं तर पानात हरितद्रव्य तयार होत नाही. शिरा हिरव्या आणि मधला भाग पिवळा, अशी पानं दिसायला लागतात. आपल्यातल्या शेतकऱ्यांच्या मुलांना हे नवीन नाही. विदर्भातल्या चुनखडयुक्त जमिनीतल्या संत्र्याच्या बागा अशाच पिवळ्या पडतात. उसात याला ‘केवडा पडला’ म्हणतात. मग हिराकस, म्हणजे फेरस सल्फेट, फवारतात. पानावर फवारायचं, कारण चुन्याच्या जमिनीत टाकलेलं हिराकस बघता बघता पुन्हा न विरघळणारं होऊन बसतं.

जंगलात हिराकस फवारायला कोणी येत नाही. म्हणून चुनखडीवर जगणाऱ्या वनस्पतींनी स्वतःच केमिकल इंजिनिअरिंग शिकून घेतलंय. त्याच्या दोन मुख्य पद्धती आहेत. पहिली बहुतेक झाडाझुडपांची. त्यांची मुळं हायड्रोजन आयन बाहेर सोडून मुळाभोवतीचा अगदी थोडा भाग आम्लधर्मी करतात आणि मुळांच्या पृष्ठभागावरच्या एका एन्झाइमने त्रिसंयोजी लोहाचं द्विसंयोजी करून आत ओढतात. दुसरी गवतांची. गवताची मुळं एक चिमटा सोडतात. हा चिमटा म्हणजे लोहाला पकडून ठेवणारा सेंद्रिय रेणू. लोह पकडलेला तो चिमटा मूळ जसाच्या तसा परत आत घेतं. जपानी संशोधक ताकागी यांनी १९७०च्या दशकात भात आणि ओटच्या मुळांवर काम करताना हे दाखवून दिलं. आपण ज्याला चिलेशन म्हणून पाठ करतो ते गवताचं रोजचं काम आहे.

याउलट काही वनस्पतींना चुना अजिबात चालत नाही. चहा घ्या. चहाला आम्लधर्मी माती लागते. तसल्या मातीत ॲल्युमिनियम विरघळतं आणि ते बहुतेक झाडांच्या मुळांना विषासारखं असतं, पण चहाला त्याचं काही वाटत नाही. चुनखडीच्या मातीत ॲल्युमिनियमचा त्रास नाही पण लोह नाही, आम्ल मातीत लोह आहे पण ॲल्युमिनियमचा त्रास आहे. प्रत्येकाचं दुःख वेगळं.

आवडतं की परवडतं?

इथे एक प्रश्न मला बरेच दिवस छळत होता. चुनखडीवर वाढणाऱ्या झाडाला चुना आवडतो म्हणून ते तिथे असतं, की दुसरीकडे कोणी जागा देत नाही म्हणून?

याचं सुंदर उत्तर आर्थर टान्स्ली या इंग्रज शास्त्रज्ञाने १९१७ साली छापलेल्या एका साध्या प्रयोगात आहे. ‘इकोसिस्टिम’ हा शब्द पुढे १९३५ साली छापील स्वरूपात आणणारे टान्स्ली ते हेच. गॅलियम नावाच्या छोट्या रोपाच्या दोन जाती त्यांनी घेतल्या. एक निसर्गात आम्ल मातीत सापडणारी, दुसरी चुन्याच्या मातीत. दोन्ही जाती दोन्ही मातींत लावून पाहिल्या. एकेकटी लावली तर प्रत्येक जात परक्या मातीतही जगली, वाढ जरा कमी झाली इतकंच. पण एकाच वाफ्यात दोघी लावल्या की आम्ल मातीत आम्लवाली जिंकायची आणि चुन्याच्या मातीत चुनेवाली. हरलेली झाकली जायची.

म्हणजे मातीने ढकललं थोडं आणि शेजाऱ्याने बाकीचं काम केलं. एंट्रन्समध्ये एका मार्काने ब्रँच बदलते तसंच हे. युरोपातल्या आल्प्स पर्वतात ऱ्होडोडेंड्रॉनच्या दोन जातींनी असाच डोंगर वाटून घेतलाय. केसाळ पानांची जात चुनखडीवर, आणि पानाखाली गंजासारखा रंग असलेली जात आम्ल मातीवर. खडक बदलला की झुडूप बदलतं. भूगर्भशास्त्राचा नकाशा न उघडता खडकाची सीमा सांगता येते.

मसुरीचा उतार

आता प्रत्यक्ष डोंगरावर जाऊ. देहराडून साधारण ६४० मीटर उंचीवर आणि मसुरी २००० मीटरच्या आसपास. मधला डोंगर बऱ्याच अंशी चुनखडी आणि डोलोमाइटचा, पन्नास कोटी वर्षांहून जुना. म्हणजे एके काळचा समुद्राचा तळ.

खाली दूनमध्ये गाळ आणि गोट्यांच्या खोल जमिनीवर सालाचं जंगल आहे. त्या जंगलात खाली काय उगवलंय ते पाहून मी चकितच झालो: कढीपत्ता! मैलभर कढीपत्ता, कोणी न लावलेला. सोबत कुंकुफळाची झाडं.

चढ लागला आणि खडक वर आला की रान बदलतं. साल मागे पडतो. धायटी, निर्गुडी, चुक्याच्या कुळातलं आंबट पानांचं एक झुडूप आणि खडकाच्या फटीफटीतून लोंबणारं भाबर गवत. हे भाबर म्हणजे दोर वळायचं आणि कागदाच्या कारखान्यात जाणारं गवत. त्याची मुळं फटीत खोल जातात आणि माती धरून ठेवतात. धायटी आणि निर्गुडी आपल्या सह्याद्रीतही भेटतात, त्यामुळे परक्या मुलखात गाववाले भेटल्यासारखं वाटलं.

आणखी वर, उत्तरेकडच्या सावलीच्या बाजूला, बांज नावाचा ओक. पानं वरून गर्द हिरवी आणि खालून पांढुरकी. वारा आला की सगळं जंगल एकदम राखाडी होतं आणि परत हिरवं. बांजाखाली पाय ठेवला की गादीवर ठेवल्यासारखं वाटतं, कारण पानांचा कुजलेला थर जाड असतो. या थरातच खरी मेख आहे. इथे बांजाच्या सोबतीने बुरांश, म्हणजे लाल फुलांचा ऱ्होडोडेंड्रॉन, वाढतो. बुरांश हा आम्ल मातीचा प्राणी. मग चुनखडीच्या मुलखात तो कसा? जिथे पालापाचोळ्याचा थर जाड आहे आणि पावसाने वरच्या मातीतला चुना खाली वाहून नेलाय, तिथे वरची माती आम्लधर्मी असते, खाली खडक कुठलाही असो. म्हणजे झाडाला नकाशातला खडक कळत नाही, मुळाशी असलेली माती कळते. आणि ती माती जंगलाने स्वतः बनवलेली असते.

जिथे कडे उभे आहेत आणि माती जवळजवळ नाही, तिथे सुराई, म्हणजे हिमालयातला सायप्रस. हे झाड चुनखडीशी इतकं जोडलेलं आहे की पश्चिम हिमालयात सुराईचं नैसर्गिक रान दिसलं की खाली चुनखडी असण्याची शक्यता जुने वनाधिकारी आधी धरायचे. सुराईला तिथे चैन असते असं नाही. इतर झाडं कड्यावर टिकत नाहीत, ही टिकते. टान्स्लींचा वाफा उभा करून ठेवल्यासारखा तो कडा दिसतो.

सावलीच्या ओल्या घळींत हिमालयातलं बॉक्सवुड. याला काश्मीर-जम्मूकडे चिकरी म्हणतात आणि त्याच्या लाकडाचे कंगवे करतात. लाकूड इतकं घट्ट आणि बारीक रेषांचं असतं की बॉक्सवुडच्या जातीचं लाकूड पूर्वी मोजपट्ट्या आणि गणिती उपकरणांसाठी वापरायचे. ड्रॉइंग हॉलमध्ये आपण प्लॅस्टिकची सेटस्क्वेअर आपटतो, त्यांचे आजोबा हे.

शेवटी एक झुडूप, ज्याला मी या लेखाचा हीरो मानतो. मंसूर. शास्त्रीय नाव कोरिआरिया नेपालेन्सिस. मसुरी गावाचं नाव या मंसूरवरूनच पडलं असं सांगतात. दिसायला साधं, माणसापेक्षा थोडं उंच, जोडीजोडीने पानं. दरड कोसळून नुसता दगडांचा ढीग झालेला असतो तिथे हे पहिलं येतं. कसं येतं? उघड्या दगडात नत्र नसतं. कॅल्शियम हवं तितकं, पण नत्र शून्य. मंसूरच्या मुळांवर गाठी असतात आणि त्या गाठींत फ्रँकिया नावाचा जिवाणू हवेतलं नत्र पकडतो. हरभऱ्याच्या मुळावर ऱ्हायझोबियम करतो तेच काम, पण जिवाणू वेगळा आणि झाडाचं कुळही वेगळं. मंसूरची पानं गळतात, कुजतात, नत्र मातीत जातं आणि मग बाकीच्यांना पाय ठेवायला जागा होते.

दगड होणारं नेचं

आत उतरलेलं पाणी कुठे जातं, याचं उत्तर देहराडूनजवळच्या सहस्रधारेला मिळतं. चुना पोटात घेतलेलं पाणी कड्यातून असंख्य धारांनी बाहेर पडतं. बाहेर हवा मिळाली की विरघळलेला कार्बन डायऑक्साइड उडून जातो आणि आधीचं समीकरण उलटं चालतं. कॅल्शियम कार्बोनेट पुन्हा घट्ट होऊन बसतं. ते बसतं तिथल्या शेवाळावर आणि हंसराजाच्या जातीच्या नेच्यावर. नेच्याचा खालचा भाग दगड होत जातो आणि वरचं टोक हिरवं वाढत राहतं. हात लावला तर वर मऊ, खाली खरखरीत. या सच्छिद्र दगडाला टुफा म्हणतात. शेवाळामुळे पाणी पसरतं, उडतं, वायू लवकर सुटतो आणि थर लवकर बसतो. म्हणजे वनस्पती इथे दगडावर वाढत नाही, दगडच वनस्पतीवर वाढतो.

खालच्या गावांना मात्र या सौंदर्यापेक्षा पाण्याशी काम. दूनमधले झरे आणि ओढे या चुनखडीच्या डोंगरात साठलेल्या पाण्यावर चालतात. वरची माती आणि जंगल म्हणजे झाकण आणि गाळणी, भेगांचा खडक म्हणजे टाकी. झाकण काढलं आणि टाकीच फोडली तर काय होईल ते सांगायला हायड्रोलॉजीचा पेपर लागत नाही.

खाणी

मसुरीची चुनखडी फार शुद्ध. साखर, रसायनं, पोलाद अशा उद्योगांना हवी असलेली. त्यामुळे स्वातंत्र्यानंतरच्या दशकांत उतारांवर खाणी वाढल्या. सुरुंग लावायचा, चांगला दगड ट्रकमध्ये भरायचा आणि राडारोडा उतारावरून खाली ढकलून द्यायचा. तो पावसाबरोबर ओढ्यात, ओढ्यातून शेतात. झरे आटले, पात्रं दगडांनी भरून वर आली.

१९८३ साली देहराडूनच्या रूरल लिटिगेशन अँड एन्टायटलमेंट केंद्र या संस्थेने सर्वोच्च न्यायालयाला पत्र लिहिलं. न्यायालयाने ते पत्रच याचिका म्हणून दाखल करून घेतलं. तज्ज्ञांच्या समित्या नेमल्या, खाणींचे वर्ग पाडले. १२ मार्च १९८५च्या आदेशाने अनेक खाणी बंद झाल्या. ३० ऑगस्ट १९८८च्या निकालाने दून खोऱ्यातलं चुनखडीचं खाणकाम तीन खाणी वगळता थांबवण्यात आलं. दरम्यान १९८६ साली सिंसियारू खाल्याच्या बाजूच्या गावांतल्या बायकांनी खाणीच्या ट्रकांचा रस्ता अडवून धरला होता. कोर्टाच्या फायलीत जे ‘पर्यावरण’ होतं ते त्यांच्यासाठी रोजचा हंडा होता.

यात खाणीत काम करणाऱ्यांचं काय झालं हा प्रश्न उरतोच, आणि तो खोटा नाही. रोजगार गेला. न्यायालयालाही त्याचा विचार करावा लागला. विकास की पर्यावरण अशा वादविवाद स्पर्धा आपण गॅदरिंगला घेतो, तिथे दोन्ही बाजूंना टाळ्या मिळतात. डोंगरावर मात्र कोणाची तरी चूल आणि कोणाचा तरी झरा असा थेट हिशोब असतो.

पुन्हा रान

खाण बंद झाली म्हणजे जंगल परत येतं असं नाही. वर केलेली आकडेमोड आठवा. चार सेंटिमीटर माती घालवायला एक सुरुंग पुरे, मिळवायला एक मीटर खडक विरघळावा लागतो.

तरीही तिथे काम झालं. टेरिटोरियल आर्मीची १२७वी बटालियन, गढवाल रायफल्सशी संलग्न, १९८२ साली खास पर्यावरणाच्या कामासाठी उभी केली गेली. देशातला हा पहिला इको टास्क फोर्स. त्यात निवृत्त सैनिक होते. त्यांनी मसुरीच्या उघड्या डोंगरांवर खड्डे खणले, माती वाहून नेली आणि झाडं लावली.

दुसरं काम आपल्या, म्हणजे इंजिनिअरांच्या, जास्त जवळचं. देहराडूनच्या केंद्रीय मृदा व जलसंधारण संशोधन संस्थेने (आताची भारतीय मृदा व जल संरक्षण संस्था) सहस्रधारेजवळच्या ६४ हेक्टरच्या खाणग्रस्त पाणलोटाचं पुनर्वसन १९८४पासून हाती घेतलं. क्रम महत्त्वाचा आहे. आधी ओढ्यात तारेच्या जाळीत दगड भरून गॅबियनचे बंधारे. मग उतारावर ज्यूटची जाळी, म्हणजे पहिल्या पावसात बी आणि बारीक माती वाहून जाऊ नये. मग गवत आणि झुडपं: भाबर, निर्गुडी, बोरूसारखी वाढणारी नळ गवतं. आणि त्यानंतर खैर, शिसू यांसारखी शेंगांची, नत्र पकडणारी झाडं. पहिल्याच वर्षी मोठी झाडं लावून फोटो काढायचा मोह इथे टाळला होता.

संस्थेने प्रसिद्ध केलेले आकडे असे: वाहून जाणारा राडारोडा हेक्टरी वर्षाला सुमारे ५५० टन होता, तो सुमारे ८ टनांवर आला. पावसाळ्यानंतर ओढा साधारण ६० दिवस वाहायचा, तो सुमारे २४० दिवस वाहू लागला. मला यातला दुसरा आकडा जास्त मोठा वाटतो. ओढा सहा महिने जास्त वाहिला म्हणजे कोणाच्या तरी डोक्यावरचा हंडा सहा महिने जवळ आला.

पण एक गोष्ट स्पष्ट सांगायला हवी. मी मे महिन्यात पाहिलेले ते उतार हिरवे होते, पण ते बांजाचं जंगल नव्हतं. झुडपं होती, शिसू होते, गवत होतं, काही ठिकाणी मंसूर आपोआप आलेला होता. बांज यायला पानांची ती गादी लागते आणि गादी व्हायला काळ लागतो. पुनर्वसन म्हणजे जंगल परत आणणं नाही, जंगलाला परत यायला रस्ता करून देणं. हा फरक प्रोजेक्ट रिपोर्टमध्ये सहसा गायब असतो.

आपल्या घराजवळ

हे सगळं हिमालयातलं म्हणून सोडून देऊ नका. चंद्रपूर जिल्ह्यातला राजुरा-कोरपना-गडचांदूर पट्टा आणि यवतमाळातला वणीचा भाग चुनखडीचा आहे. आपल्या राज्यातले मोठे सिमेंट कारखाने तिथेच आहेत. त्या बाजूचं जंगल सागाचं. साग हा कॅल्शियमचा मोठा गिऱ्हाईक आहे. खोल, निचऱ्याच्या, चुना असलेल्या जमिनीत तो उत्तम वाढतो. पण माती पातळ आणि खाली सलग कडक चुनखडी असेल तर तोच साग खुरटतो. सोबतीला ऐन असतो. ऐनाच्या सालीत कॅल्शियम इतकं असतं की सालीची राख पूर्वी काही भागांत पानाला लावायचा चुना म्हणून वापरायचे. झाडाने जमिनीतून चुना उचलून सालीत भरून ठेवला, माणसाने तो विड्यात घातला.

तुमच्या गावच्या मातीत मोकळा चुना आहे का हे पाहणं सोपं आहे. केमिस्ट्री लॅबमधलं पातळ हायड्रोक्लोरिक ॲसिड दोन थेंब टाका (लॅब असिस्टंटला विचारून!). फसफसलं तर आहे.

आणि ज्यांना गावाला जायलाही वेळ नाही त्यांनी होस्टेलच्या मागच्या बाजूला जावं. गळक्या पाइपाखालची ओली भिंत बघा. प्लॅस्टरच्या भेगेतून लांब, दोन्ही बाजूंनी पट्ट्या असलेलं एक नेचं आलेलं असण्याची बरीच शक्यता आहे. हे टेरिस व्हिटाटा. मूळचं चुनखडीच्या कड्यांवरचं. त्याला सिमेंट आणि चुन्याची भिंत म्हणजे कडाच. किल्ल्यांच्या चुन्यातल्या भिंतींवरही हे दिसतं. २००१ साली अमेरिकेतल्या संशोधकांनी दाखवलं की हे नेचं जमिनीतलं आर्सेनिक भराभर शोषून पानांत साठवतं. दूषित जमीन साफ करण्यासाठी त्यावर जगभर काम झालंय. आपण मात्र मेंटेनन्सवाल्यांना सांगून ते खरवडून काढतो आणि पाइप तसाच गळत ठेवतो.

मित्रांनो, आपल्यातले निम्मे जण पुढे सिमेंट वापरणार, काही जण बनवणार आणि एखाद-दुसरा खाणीवरही जाणार. सिमेंट नको असं म्हणण्यात अर्थ नाही, हे होस्टेलसुद्धा त्याचंच आहे. पण इंडस्ट्रियल टूरला खाण पाहायला नेतील तेव्हा क्रशरची कपॅसिटी विचारून झाल्यावर आणखी एक प्रश्न विचारा: “सर, वरची माती काढून कुठे ठेवलीय?” माती वेगळी रचून, गवत लावून, सांभाळून ठेवली असेल तर त्या खाणीला पुढे रान मिळू शकतं. राडारोड्यात मिसळून टाकली असेल तर कितीही रोपं लावा. या एका उत्तरावरून तो सगळा डोंगर पुढची शंभर वर्षं कसा दिसेल ते कळतं, आणि हा प्रश्न विचारायला बॉटनी यावी लागत नाही.